टोपाचं झाकण

मोठे सर स्वयंपाकघरात आले की आधी टोपाचं झाकण उचलायचे. नमस्कार नाही, काही नाही. हातातली छत्री काखेत जायची आणि हात झाकणाला. वाफेने चष्मा पांढरा व्हायचा. तसेच आंधळे उभे राहून ते म्हणायचे, "बाई, मीठ कमी आहे."

"अजून घातलाच नाय," मी सांगायचे.

"मग बरोबरच ओळखलं की मी."

या माणसाशी वाद घालून उपयोग नव्हता. मी त्यांच्या शाळेत सकाळची पेज आणि बोर्डिंगातल्या पोरांचं दोन वेळचं जेवण करायचे. सगळी वर्षं मिळून त्यांनी किती झाकणं उचलली असतील ते देवाला ठाऊक. त्यांच्या देवाला, आमच्या देवाला, कुठल्याही.

शाळा मिशनची होती. आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी, माडांच्या बागेत चिऱ्याची लांब इमारत आणि तिच्या टोकाला छोटं चर्च. आमच्याकडे ख्रिस्ती म्हटलं की किरिस्तांववाडीतली माणसं, पण ती पोपची. हे मिशन इंग्लंडच्या चर्चचं, त्यांना पोप चालत नाही. मी एकदा सरांना विचारलं होतं, तुमच्यात आणि त्यांच्यात फरक तो काय. म्हणाले, "ते गुडघे जास्त टेकतात, आम्ही सभा जास्त घेतो." मला तेवढं पुरलं. शाळेत पोरं बहुतेक आमचीच होती, रापणकर मच्छीमारांची, शेतकऱ्यांची, बाजारातल्या दुकानदारांची. कोणी कोणाला बाटवलं नाही. सकाळची प्रार्थना मात्र सगळ्यांना म्हणावी लागे. ती सर अभंगाच्या चालीवर म्हणायचे आणि चाल मध्येच सोडून द्यायचे. पोरं ती उचलून शेवटपर्यंत न्यायची.

आमचे हे हेडमास्तर नगरकडचे, घाटावरचे. उंच, वाळलेले, बूट चकचकीत आणि आत मोजे नाहीत. लग्न केलेलं नव्हतं. का नाही ते विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं." घाटावरचा माणूस माशाच्या काट्याला घाबरतो, तसे हेही घाबरायचे. पण मासा सोडायचे नाहीत. बांगडा ताटात आला की चष्मा पुसून घ्यायचे आणि एकेक काटा काढून ताटाच्या कडेला नीट मांडायचे. जेवण संपेपर्यंत तिथे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळा सांगाडा तयार. मग ते ताट तसंच उचलून सातवीच्या वर्गात न्यायचे आणि शिकवायचे. मला ताट संध्याकाळी परत मिळे, वास मारत. मी एकदा म्हटलं, "सर, दुसरा ताट घेवा शिकवूक." तर म्हणाले, "दुसऱ्या ताटात मी जेवलेलो नसतो."

त्यांच्याकडे एक सायकल होती. बाजारात, पोस्टात, तरीवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीवर, कुठेही निघाले की सायकल बरोबर, पण हातात धरलेली. ते एका बाजूने चालायचे आणि ती दुसऱ्या बाजूने. दांड्याला पोरांची दप्तरं लटकलेली. लोकांना वाटायचं, सर साधे आहेत, पोरांसाठी पायी चालतात. मलाही तसंच वाटायचं. खरं काय ते संस्थापकांच्या दिवशी कळलं.

आता हा दिवस काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शाळा काढली ती एका इंग्रज पाद्रीने, आमच्या आज्याच्याही आधी. तो आगबोटीने मालवणला उतरला, आमच्या गावात आला आणि शाळा उघडून बसला. एकही पोर आलं नाही. मग त्याला ताप आला. गावातली एक म्हातारी त्याच्या चुलीवर पेज करून त्याला घालत राहिली. तो उठून बसला तेव्हा त्याने तिला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बसला आणि म्हणाला, माझं काय चुकलं ते सांग, तू सांगशील ते करीन. म्हातारी म्हणाली, "आदी पोरांका पेज घाल. मगे काय ता शिकय." त्याने पेज सुरू केली आणि पोरं आली. तेव्हापासून वर्षातून एकदा, तुळशीचं लग्न झालं की, शाळेतल्या कामगारांपैकी एकाने पाद्रीच्या खुर्चीत बसायचं आणि हेडमास्तरने त्या दिवशी त्याचं काम करायचं. खुर्चीतल्या माणसाने एक हुकूम द्यायचा. तो सगळ्या शाळेने वर्षभर पाळायचा.

ही गोष्ट मोठे सर दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी पाद्रीचा ताप वाढवायचे. आमचा शिपाई दाजी, जो घंटा वाजवायचा, तो म्हणायचा, "अजून थोडी वर्षां सर ऱ्हवले तर पाद्री मरतलो."

हुकमाचे नियम होते. काय हुकूम द्यायचा ते कोणी कोणाला सुचवायचं नाही. हुकूम हातापायांनी पाळता येईल असा हवा. "चांगले वागा" वगैरे चालत नाही. आणि त्या दिवशी जो कोणी फाटकाच्या आत असेल त्याला तो लागू. काही हुकूम एवढे चांगले निघाले की वर्ष संपलं तरी शाळेने ते सोडले नाहीत. तरीने येणाऱ्या पोरांना उशीर झाला म्हणून उभं करायचं नाही, हा एका जुन्या शिपायाचा. मास्तरांनी जेवणाआधी छडीला हात लावायचा नाही, कारण भुकेला माणूस जास्त मारतो, हा कोणा झाडूवाल्याचा. तेव्हापासून मार सगळा दुपारनंतर. आणि विहिरीवर सगळ्यांना एकच कळशी, हा एका झाडूवालीचा, इंग्रजांच्या वेळचा. त्या वर्षी अर्धी पोरं शाळा सोडून गेली. पुढच्या वर्षी परत आली, दुसरी शाळा होती कुठे. सर म्हणायचे, "आपल्या शाळेचे नियम हेडमास्तरांनी केलेले नाहीत, बाई. म्हणून टिकलेत."

तर एके वर्षी माळ्याची पाळी. सर दिवसभर माडांना पाणी घालून भिजलेले. माळी खुर्चीत बसून म्हणाला, "सरांनी वर्षभर सायकलीर बसान जावचा. चलान नाय."

सर सगळ्या शाळेसमोर म्हणाले, "मला येत नाही."

पोरं हसली नाहीत. त्यांना खरंच वाटेना. एवढी वर्षं तो माणूस न येणारी सायकल घेऊन फिरत होता. कोणा जाणाऱ्या साहेबाने भेट दिलेली, टाकून देणं बरं दिसेना, म्हणून हिंडवायची. दुसऱ्या दिवसापासून सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ बघून, वाळू घट्ट असताना, दाजी मागून सीट धरून आणि सर पुढे. किनाऱ्यावर गाव जमायचं. सर हँडलकडे बघत नसत, समुद्राकडे बघत. म्हणून समुद्रातच जात. एकदा दाजीने हात सोडला तर सरळ जाऊन सुकत घातलेल्या रापणीच्या जाळ्यात घुसले. सायकल, छत्री, बूट, सगळं गुंडाळलं गेलं. माझा घोव, म्हणजे नवरा, तिथे होता. तो ओरडून म्हणाला, "आज बांगडो नाय रे, घाटावरचो मासो गावलो."

सर जाळ्यातूनच म्हणाले, "काटे जपून काढा."

ते शिकले. वर्षभर सायकलवर बसून गेले, पोरं पुढून पळत, लोकांना बाजूला करत. वर्ष संपलं त्या दिवशी उतरले ते पुन्हा कधी बसले नाहीत. सायकल परत हातात.

दुसरी गोष्ट दाजीच्या खुर्चीची. दाजीने आपल्या पाळीला हुकूम दिला की घंटेखाली माझी एक खुर्ची असेल आणि तिच्यात माझ्याशिवाय कोणी बसायचं नाही. त्याच वर्षी मुंबईहून बिशप आले. म्हातारे होते, उन्हातून चालत आले होते, आणि अंगणात तेवढी एकच खुर्ची. ते बसायला वाकले तर सर मध्ये जाऊन उभे राहिले. म्हणाले, "माफ करा, ही दाजींची आहे." दाजी बिचारा कपाळाला हात लावून म्हणाला, "बसूदे हो तेंका." सर म्हणाले, "तुम्ही दिलेला हुकूम तुम्हालाही मोडता येत नाही." बिशप हसले आणि दुसरी खुर्ची येईपर्यंत उभे राहिले.

आता माझं. माझी पाळी ज्या वर्षी आली, त्या वर्षी माझी मुलगी सुमी सातवीत होती. माझा हुकूम काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. सुचवायचं नाही असा नियम असला तरी दाजी मला बघून हातानेच झाकण उचलल्यासारखं करायचा आणि हसायचा. सरांनी वर्षभर टोपाच्या झाकणाला हात लावायचा नाही. मी ते वाक्य चुलीपाशी म्हणून म्हणून गुळगुळीत केलं होतं.

दसऱ्यानंतर एक दिवस सर आले, झाकण उचललं आणि मिठाबद्दल काही बोलले नाहीत. झाकण परत ठेवलं, तेही वाकडं. मी म्हटलं, "काय झाला?"

"मुंबईची समिती म्हणते आहे, आठवीपासूनचे वर्ग बंद करायचे. मुलं कमी, मास्तर कमी. सातवीपर्यंतच ठेवायची शाळा."

मी भाकरी थापत होते ती थापत राहिले. पण समजायचं ते समजले.

मुंबईचा दीर सुमीच्या मागे लागला होता. प्रत्येक वेळी गणपतीला आला की तेच. "चेडवाक सातवी खूप झाली. मुंबयक धाडा, माज्या पोरांका सांभाळतला." दुसरं हायस्कूल खाडीपलीकडे. कातळ चढून उतरायचा, मग तरीची होडी, मग पुन्हा चाल. माझा घोव वाईट माणूस नव्हता, पण त्याने एकदाच सांगितलं होतं, "सुकती लागली की तरीची होडी चिखलात रुतता. चेडू काळोख पडल्यार घरी येतला? नाय. त्यापरास मुंबय बरी." मी स्वतः चौथी झाले तेव्हा माझी बहीण बाळंत झाली, मी तिचं पोर सांभाळायला गेले आणि शाळेत परत आले नाही. त्यात रडण्यासारखं काही नाही, तेव्हा सगळ्यांचंच तसं. पण सुमीचं तसं मला नको होतं. इथे आठवी असली तर ती शिकणार, नसली तर मुंबईला दिराची पोरं धुणार. एवढं सरळ होतं ते.

"तुमी काय केलास मगे?" मी सरांना विचारलं.

"सभा," ते म्हणाले. "दोन."

मग तुळशीचं लग्न झालं आणि तो दिवस आला. मी ठेवणीतलं लुगडं नेसले आणि पाद्रीच्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची सागवानी, इंग्रजाच्या मापाची. माझे पाय जमिनीला लागेनात. सर पहाटेच चुलीपाशी गेले होते. ते दरवेळी एकच करायचे, पिठलं आणि भात. आमच्या पोरांना पिठलं म्हणजे चेष्टा. पिवळ्या चिखलात गोळे. पण त्या दिवशी सगळी आवडीने खायची, म्हणजे खाल्ल्यासारखं करायची. ऑफिसातसुद्धा करपल्याचा वास येत होता.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ उभे. तपकिरी सूट, हातात हॅट, बुटांवर एसटीच्या रस्त्याची धूळ. ते समितीचे अध्यक्ष होते. शाळा बघायला यायचे हे ठरलेलं, पण ते पुढच्या आठवड्यात येणार असं सर धरून बसले होते.

"हेडमास्तर कुठे आहेत?"

"आज मीच आसंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या पाद्रीच्या फोटोकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"आणि नेहमीचे?"

"ते पिठला करतत. बसा."

साहेब बसले. या दिवसाबद्दल त्यांनी ऐकलं असावं, पण ऐकणं वेगळं आणि समोर बसणं वेगळं. म्हणाले, "त्यांना जरा बोलावता का?"

"चुलीवरना उठले तर उरलेला पण करपात. तुमी वर्ग बंद करूक इलास मां? माका सांगा. आज माकाच सांगूचा लागता."

माणूस भला होता, हे मी म्हणेन. त्याने मला सगळं सांगितलं, वेळ घेऊन, मराठी सोपं करून. मिशनला झेपत नाही. मुलं कमी होत आहेत. आणि मुलांचं नुकसान काहीच नाही, कारण पलीकडे चांगलं हायस्कूल आहे. "मी नकाशात बघितलं," ते म्हणाले आणि बोटाचं पेर दाखवलं. "एवढंच अंतर आहे."

मी त्या पेराकडे बघितलं. छान स्वच्छ नख होतं.

"जेवून घेवा," मी म्हटलं.

सगळी शाळा ओसरीवर पंगतीत बसली. साहेबही मांडी घालून बसले, सूट सांभाळत. सर वाढत होते. गालाला काजळी, विजार वर दुमडलेली, घामाने चष्मा नाकाच्या टोकावर. साहेबांना बघून ते दचकले, पण पंक्तीत वाढणाऱ्याने बोलायचं नसतं, म्हणून पिठलं वाढून पुढे गेले. सुमी मुलींच्या रांगेत आपलं पिठलं शेजारणीच्या ताटात सरकवत होती. आणि साहेबांनी सगळं खाल्लं, बोटं चाटली आणि आणखी मागितलं. तेही घाटावरचेच निघाले. म्हणाले, असं पिठलं आईच्या हातचं खाल्लं होतं. तेव्हाच माझ्या मनात आलं, हा माणूस काहीही सोसू शकेल.

ताटं उचलली. सर समोर येऊन उभे राहिले, हात पुसत. "बाई, हुकूम."

सगळे माझ्याकडे बघत होते. दाजीचा हात झाकण उचलायला तयार. ते गुळगुळीत वाक्य माझ्या जिभेवरच होतं. वर्ग बंद करू नका असं म्हणून चालणार नव्हतं. ते हातापायांचं काम नाही, आणि ते एका माणसाच्या हातात नाही हे साहेबांनी मला नीट सांगितलं होतं. मी ओसरीखाली काढून ठेवलेल्या साहेबांच्या जोड्याकडे बघितलं. बूट चांगले होते.

मी म्हटलं, "मुंबयच्या सायबांनी उद्या सकाळी सातवीतल्या चेडवांबरोबर पलीकडच्या हायस्कुलात चलान जावचा. शाळा सुटापर्यंत थंय ऱ्हवाचा. मगे तेंच्याबरोबर परत येवचा. तेंका एक दप्तर देवा, भरलेला."

साहेबांनी घसा साफ केला. "मी या शाळेचा नोकर नाही, बाई."

सर म्हणाले, "आज फाटकाच्या आत जो आहे तो शाळेचा, साहेब. बिशप उभे राहिले होते."

"मला उद्या कणकवलीहून गाडी आहे."

"परवा पण आसा," दाजी म्हणाला.

साहेबांनी शेजारच्या पोरीकडे वळून विचारलं, "दप्तरात काय काय असतं?"

"पुस्तकां," ती म्हणाली, "आणि डबो."

"बरं," साहेब म्हणाले, "डब्यात हेच पिठलं द्या."

भांडीही त्या दिवशी सरांनाच घासायची होती. मी विहिरीपाशी उभी राहून बघत होते. टोपाच्या बुडाचं करपलेलं निघत नव्हतं. ते न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही झाकण विसरलात."

"इसराक नाय."

ते घासत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी उद्या येऊ?"

"येवा. कोण अडयता."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब निघाले, खांद्याला दप्तर, बरोबर सुमी आणि तिच्या दोन मैत्रिणी. तिन्हीसांजेला सुमी धावत स्वयंपाकघरात आली, गुडघ्यापर्यंत चिखल.

"आये, सायबाचो बूट गेलो."

"खंय?"

"खाडीत. परत येताना सुकती लागली, होडी रुतली. कितक्या वेळ बसलो, मगे उतरलो. तेंचो एक बूट चिखलान ओढलो तो ओढलोच. मगे दुसरो तेनी हातात घेतलो."

"रागावले?"

"नाय. माका इचारल्यानी, रोज असाच? मी सांगलंय, नाय, पावसात वायट."

"आणि?"

"मगे चलाक लागले. दप्तर मात्र कोणाक दिल्यानी नाय."

मागून साहेब आले. अनवाणी, सूट ढोपरापर्यंत काळा, हातात एक बूट. त्यांनी गरम पाणी मागितलं. मी दिलं. मग पेज मागितली. तीही दिली, वर लोणच्याची फोड. सरांशी ते त्या दिवशी शाळेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दोघे ओसरीवर बसून नगरकडच्या बाजरीबद्दल बोलत होते. परवाच्या गाडीला गेले ते दाजीच्या वहाणा घालून.

काही दिवसांनी निरोप आला की वरचे वर्ग चालू राहतील. समितीत साहेबांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. सर म्हणाले, त्यांनी म्हणे सभेत टेबलावर तो एक बूट ठेवला. पण सर पाद्रीचा तापही वाढवायचे, तेव्हा याचं काय खरं धरायचं. दाजीला मात्र मुंबईहून नव्या वहाणा आल्या. तो म्हणाला, "माजी जुनीच बरी होती. ही चावतत."

सुमी तिथेच आठवी, नववी, दहावी झाली. पुढे कणकवलीला शिकली, नोकरीला लागली. आता मला औषधं कधी घ्यायची ते शिकवते. दिराने दुसरी मुलगी शोधली. मुंबईत मुलींना तोटा नव्हता.

पुढच्या वर्षी पाळी फिरून खुर्चीत पुन्हा दाजी. सरांनी दिवसभर घंटा वाजवली, एकदाही वेळेवर नाही. जेवणं झाली आणि दाजी माझ्याकडे बघत म्हणाला, "मोठ्या सरांनी वर्षभर टोपाच्या झाकणाक हात लावचो नाय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर मान खाली घालून म्हणाले, "मान्य." मला बरं वाटलं. का खोटं बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं पेज घेऊन बसली आणि एकमेकांकडे बघायला लागली. एक धीट पोर म्हणाली, "मावशे, मीठ?" मी मीठ घातलंच नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी एवढं घातलं की पेज म्हशीला द्यावी लागली. तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी चव घेतलीच नव्हती. कशाला घेईन, रोज एक माणूस येऊन घेत होता.

तिसऱ्या दिवशी सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. छत्री काखेत, हात मागे बांधलेले, नजर माडांच्या शेंड्यांकडे. मी डावभर पेज घेतली, बाहेर गेले आणि त्यांच्या तोंडासमोर धरली.

"बाई, हुकूम आहे," ते म्हणाले.

"हुकूम झाकणाचो आसा. डावाचा कोणी काय बोलूक नाय."

त्यांचा चष्मा पांढरा झाला. तसेच आंधळे उभे राहून त्यांनी फुंकर मारली, चाखली आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

"ठावक आसा," मी म्हटलं. "किती घालू ता सांगा."